डाळीच्या डब्यावर तोललेला चाप

माझ्या मावशीच्या यजमानांवर १९५८ साली, नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, विदर्भातल्या एका उघड्या माळावर अन्याय झाला, आणि तेव्हापासून त्यांनी या पृथ्वीतलावरच्या कुठल्याही चापावर विश्वास ठेवलेला नाही. कुणावर झाला, कधी झाला, कुठं झाला, हे पहिल्याच ओळीत सांगायची मला सवय आहे. नागपूरला विद्यार्थी संघटनेत आम्हाला पत्रकं लिहायला शिकवलं ते असंच: पहिली ओळ ढिली पडली की पत्रकात भजी बांधली जातात. पण या पत्रकात एक अडचण आहे. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच तो मान्य नाही. काकांचं म्हणणं, अन्याय वगैरे काही झाला नव्हता, नुसता चाप खराब होता.

चाप म्हणजे बंदुकीचा. इथं टेक्सासात त्याला सगळे ट्रिगर म्हणतात. पण काकांच्या लेखी जगातली जी जी वस्तू बोटानं दाबायची, ओढायची किंवा आवळायची असते ती चापाच्याच जातीची, आणि जात हा शब्द ते फक्त एवढ्याच बाबतीत उच्चारतात. दाराची घंटा, स्टेपलर, टोस्टरचा खटका, संडासातल्या फ्लशचा दांडा, मोटारीच्या पट्ट्याचं लाल बटण, सगळं त्यात आलं. कुठलीही वस्तू ते एका दमात दाबत नाहीत. आधी अर्धी दाबतात, थांबतात, डोळे मिटतात, मग उरलेली दाबतात आणि निकाल देतात. निकाल तीनच प्रकारचे: ‘रेंगाळतो’, ‘खरखरतो’ आणि ‘सुटल्यावर पुढं धावतो’. चापात याहून चौथा दोष नसतो असं त्यांचं ठाम मत आहे, आणि माणसातही नसतो. मी त्यांच्याकडं राहायला आले त्या आठवड्यातच त्यांनी मला पुढं धावणाऱ्यांत घातलं, आणि खरं सांगायचं तर माझ्याबद्दल इतकं नेमकं आजवर कुणी बोललेलं नाही.

मी १९८३ साली ह्यूस्टनला शिकायला आले तेव्हा विमानतळावर मला घ्यायला दोघं आले होते. घर शुगर लँडला, रस्ता लांब, ऑगस्टचा उकाडा असा की हवा गिळावी लागत होती. वाटेत काका पेट्रोल भरायला थांबले. नळी उचलली, तिची मूठ अर्धी आवळली, डोळे मिटले, आणि नळी जागच्या जागी ठेवून गाडीत येऊन बसले. दुसऱ्या पंपावर तसंच. तिसऱ्या पंपावरही तसंच. मी मागच्या सीटवरून मावशीकडं बघितलं. मावशी हॉस्पिटलात नर्स आहे, तिनं यापेक्षा अवघड रोगी पाहिलेत. ती म्हणाली, “गाडी बंद पडली तरी चालंल बाई, पण रेंगाळणाऱ्या मुठीचं पेट्रोल आमच्यात चालत नाही.” चौथ्या पंपावर मूठ पसंत पडली. घराला पोचेपर्यंत टाकी अर्धी रिकामी झाली होती, कारण तो पंप उलट्या दिशेला होता.

फोटो काढायचं काम काकांना देऊ नये हे इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं, पण एकदा कोजागिरीला नेहमीचा फोटोवाला आजारी पडला आणि कॅमेरा काकांच्या हाती गेला. पुढं सगळं मंडळ उभं. काकांनी कॅमेरा गालाशी धरला, श्वास घेतला, अर्धा सोडला, आणि हृदयाचे दोन ठोके पडतात त्यांच्या मधली जागा शोधत राहिले. हसून हसून बायकांचे गाल दुखले, पुरुषांनी आत घेतलेली पोटं बाहेर सोडली, कुणाचं दूध उतू गेलं. तो फोटो मंडळाच्या वार्षिकात छापलाय. त्यात एकूण एक माणसाचे डोळे मिटलेले आहेत, पण फोटो मात्र केसभरसुद्धा हललेला नाही.

आता मूळ गोष्ट. ती मी पहिल्या महिन्यात इतक्या वेळा ऐकली की झोपेत म्हणून दाखवीन. काका कॉलेजात कॅडेट तुकडीत होते. वडील गिरणीत, घर वस्तीत, बंदूक फक्त पोलिसाच्या खांद्यावर पाहिलेली. हिवाळ्यात तुकडीचं शिबिर एका माळावर भरलं. तिथं नेमबाजीला बावीसच्या, म्हणजे बारीक गोळीच्या, जुन्या रायफली होत्या, इंग्रज टाकून गेलेल्या, एकाहून एक हट्टी. त्यातली एकच चांगली. तिच्या दस्त्यावर चीर होती म्हणून पोरं तिला चिरेवाली म्हणत. पहिल्या संध्याकाळी योगायोगानं चिरेवाली काकांच्या वाट्याला आली, आणि त्यांनी पहिल्यांदाच मारलेल्या गोळ्या अशा एकाजवळ एक बसल्या की हवालदारानं बाकीच्या पोरांना बोलावून कागद दाखवला. शिबिरभर काका पहिले. शेवटच्या सकाळी दिल्लीच्या शिबिरासाठी एकाची निवड व्हायची होती. त्या सकाळी काकांच्या हाती दुसरी रायफल आली. तिचा चाप विहिरीतला ओला दोर ओढावा तसा. ओढतोय, ओढतोय, आणि सुटायची वेळ आली की अंगाला हिसका. सगळ्या गोळ्या खाली उजवीकडं गेल्या. चिरेवाली दुसऱ्या एका मुलाला मिळाली आणि दिल्लीला तो गेला.

काकांची गोष्ट इथं संपते. माझी इथं सुरू होते. मी विचारलं, रायफल बदलली कुणी? काका म्हणाले, तो मुद्दा नाही, मुद्दा चापाच्या वजनाचा आहे. मी विचारलं, त्या दुसऱ्या मुलाचं आडनाव काय होतं? काकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. ते एका केमिकल प्लँटमध्ये व्हॉल्व्हचे इंजिनिअर आहेत, गळती कुठून आहे हे शोधण्याचा त्यांना पगार मिळतो.

“हे बघ,” ते म्हणाले, “हा टेक्निकल प्रॉब्लेम आहे. तू त्याला सोशल करू नकोस.”

मी भडकले. भडकणं हा माझा त्या वेळचा पूर्ण वेळचा उद्योग होता, आणि आजही अर्धवेळ आहे. मी त्यांना जेवणाच्या टेबलावर संबंध समाजव्यवस्था समजावून सांगितली, आणि ते शांतपणे पोळीचा घास मोडत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले की मांडणी चांगली आहे, पण पुरावा कुठाय? चाप खराब होता हे ते स्वतःच म्हणतात, पण कशावरून? कदाचित बोटच खराब असेल. पंचवीस वर्षं त्यांना एवढंच हवं होतं: त्या सकाळी चुकलं ते बोट की चाप? बोट चुकलं असेल तर दिल्लीला गेला तो रास्त गेला, आणि वस्तीतल्या पोराला कुणीतरी उगाच डोक्यावर चढवलं होतं. चाप चुकला असेल तर गोष्ट वेगळी. ती कशी वेगळी, हे ते सांगत नसत. त्यासाठी आधी एक चांगल्या चापाची रायफल हवी, मग बघू.

तर चांगल्या चापाची बावीसची रायफल. हे ऐकायला सोपं वाटतं, आणि टेक्सासात तर रायफल घेणं म्हणजे आपल्याकडं कंदील घेण्याइतकं सोपं. पण काकांनी त्याला एक अट जोडली होती. रायफल सेमी-ऑटोमॅटिक हवी, म्हणजे एक गोळी सुटली की दुसरी आपोआप जागेवर येणारी. हातानं खटका मागं ओढायचा म्हटलं की खांदा हलतो, खांदा हलला की श्वास मोडतो, आणि श्वास मोडला की प्रयोग बाद, असं त्यांचं शास्त्र. बोटाशिवाय अंगातलं काही हलता कामा नये. आता बंदुकीतलं ज्याला काही कळतं असा कुणीही सांगेल की चांगला चाप हवा असेल तर हातानं खटका ओढायची रायफल घ्या, कारण आपोआपवाल्यांचे चाप बहुतेक जड आणि लोळागोळा असतात. ज्या दुकानात काका दर शनिवारी जात तिथल्या म्हाताऱ्या मालकानं त्यांना हे पहिल्याच दिवशी सांगितलं. तो तंबाखू चघळायचा, टोपी कधी काढायचा नाही, आणि भारतीय म्हणजे डॉक्टर अशा समजुतीनं काकांना ‘डॉक’ म्हणायचा. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाला की डॉकला वाघ पाहिजे, पण गवत खाणारा.

त्या दुकानातून काका पहिल्या शनिवारी हाकलले गेले होते. बावीसच्या काडतुसाला टोला मध्यभागी बसत नाही, कडेवर बसतो. आत काही नसताना चाप ओढला तर टोल्याची सुई नळीच्या तोंडाच्या कडेवरच आपटते आणि ती कड खराब होते. काकांनी डोळे मिटून मांडणीतल्या एकापाठोपाठ एक रायफलींचे चाप रिकामेच ओढले, आणि मालक काउंटरवरून धावत आला. पुढच्या शनिवारी काका मावशीच्या चिवड्याचा डबा घेऊन माफी मागायला गेले. चिवडा तिखट होता, पण मालक टेक्सासचा, त्याला ते आवडलं. तेव्हापासून तो काकांसाठी झाडलेल्या काडतुसाचं रिकामं टरफल काउंटरखाली ठेवायचा. ते आत सरकवायचं आणि मग हवा तेवढा चाप ओढायचा.

त्यानंतर डाळ आली. चाप किती जड आहे हे मोजायचं यंत्र विकत मिळतं, पण काकांचा विकतच्या यंत्राच्या चापावरही विश्वास नव्हता. ते घरून कडीचा स्टीलचा डबा घेऊन जाऊ लागले, सोबत पिशवीत तूरडाळ. रायफल नळी वर करून उभी धरायची, चापाला कपड्यांच्या हँगरच्या तारेचा आकडा लावायचा, त्याला डबा टांगायचा आणि त्यात मूठमूठ डाळ टाकत जायची. ज्या मुठीला खट्ट झालं तेवढं त्या चापाचं वजन. मग ती डाळ वाटीनं मोजायची. त्यामुळं आमच्या घरात रायफलींना कंपनीच्या नावानं कुणी ओळखत नसे. ‘ती सहा वाटीवाली’, ‘ती लाकूड चांगलं पण सात वाटीवाली’, असं चाले. मालक आधी हसला. मग एका शनिवारी आम्ही बघतो तर त्यानं स्वतःच एक पत्र्याचा डबा टांगला होता आणि त्यात तो आणखी एका गिऱ्हाइकाला राजम्यासारखे पिंटो बीन्स टाकून दाखवत होता. इकडं आमच्या वरणाला कायम बंदुकीच्या तेलाचा मंद वास यायचा. पाहुणे विचारत की फोडणीला काय घालता, आणि मावशी सांगे की घरचाच मसाला आहे.

कुणाला वाटेल की हा माणूस शिकारी होणार होता. काका झुरळसुद्धा मारत नाहीत. टेक्साससारखी झुरळं जगात नसतील, त्यांना पंख आहेत आणि मतं आहेत, पण काका त्यांना पेल्याखाली धरून अंगणात सोडून येतात. रविवारी सकाळी पंचशील म्हणतात, त्यातलं पहिलंच शील प्राणिहत्या न करण्याचं, आणि ते म्हणून झालं की त्याच बैठकीवर रायफलींचा कॅटलॉग उघडतात. मी एकदा टोमणा मारला. “कागदाला प्राण नसतो,” काका पान उलटत म्हणाले, “आणि मला फक्त कागदाशी काम आहे.”

चार वर्षं हे चाललं होतं. चार वर्षं दर शनिवारी मावशी रात्रपाळी करून येई आणि दुकानासमोर गाडीत बसून डुलक्या काढी. एकदा मी तिच्या बाजूनं भांडायला गेले. म्हटलं, मावशी, हा तुझ्यावर सरळसरळ अन्याय आहे, तू संप कर. मावशी खिडकीच्या काचेवर डोकं टेकून म्हणाली, “तुला काय वाटलं, त्यांना रायफल घ्यायचीय? काहून घेतील. घेतली तर झाडावी लागंल. झाडली तर कळंल.” आणि परत डोळे मिटले. मी पत्रकवाली, मला सगळं समजतं असा माझा समज होता. हे मला समजलं नव्हतं.

मंडळातल्या जेवणांत तर चाप काकांच्या फारच कामाला येई. परदेशातल्या मराठी माणसाला तुमची चौकशी करायची असते, पण थेट विचारायची लाज वाटते, म्हणून तो चाळणीनं चाळत जातो. आडनाव काय? बरं, मूळचे कुठले? नागपूर म्हणजे नागपुरात नेमके कुठं? एका संध्याकाळी वेस्ट विंडसरहून आलेले एक पाहुणे अशा तीन चाळण्या घेऊन काकांसमोर बसले. पहिली चाळणी लागताच काकांनी त्यांना चापाचे तीन दोष सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या चाळणीला त्यांनी जेवणाच्या चमच्यावर रेंगाळण्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. तिसरी चाळणी पाहुण्यांच्या ओठांवर आली तेव्हा काका तूरडाळीपर्यंत पोचले होते. पाहुणे गुलाबजाम आणतो म्हणून उठले ते परत आले नाहीत. मी दातओठ खात होते. गाडीत बसल्यावर म्हटलं, काका, सरळ सांगायचं ना तोंडावर. काकांनी किल्ली फिरवली, गाडी सुरू होईपर्यंत कान देऊन ऐकलं. “माणूस वाईट नव्हता,” ते म्हणाले. “रेंगाळत होता.”

मग एका जुलैत असा उकाडा झाला की मावशीला गाडीत बसवेना. ती पहिल्यांदाच दुकानात आली, थंड हवेखाली उभी राहिली, आणि वेळ जात नाही म्हणून जुन्या रायफलींच्या मांडणीशी गेली. तिथं कुणा वारलेल्या माणसाच्या बायकोनं आणून दिलेली एक रायफल होती, बावीसची, आपोआपवाली, त्या माणसानं स्वतःच्या हातानं वर्षानुवर्षं साफ-गुळगुळीत ठेवलेली. काका पलीकडं एका साडेसहा वाटीवालीला डबा टांगण्यात गुंतले होते. मावशीनं मालकाला खुणेनं विचारलं, त्यानं रिकामं टरफल आत सरकवून दिलं. भाजीवाल्याकडं आपण भेंडीचं टोक मोडून बघतो, तसा मावशीनं बोटाच्या टोकानं चाप मोडून बघितला. खट्ट.

“अहो,” ती म्हणाली, “हा बघा. कोवळा आहे.”

काका डबा सोडून आले. चाप ओढला. परत ओढला. डोळे मिटून इतका वेळ उभे राहिले की मालकानं तंबाखू चघळायचं थांबवलं. जन्मभर ते चापाचं वजन मोजत बसले होते, आणि वजनात काही नव्हतंच. चाप कसा मोडतो यात सगळं होतं, आणि ते रोज भाजी आणणाऱ्या बाईला न शिकवता ठाऊक होतं. काकांचा चेहरा मला आनंदी दिसला नाही. घरात फार दिवस न आलेला पाहुणा अचानक दारात उभा राहिल्यावर होतो तसा झाला. मग त्यांनी दोष काढायला सुरुवात केली. लाकूड जरा काळपट आहे. पट्ट्याची कडी सैल वाटते. शिवाय जुनी आहे, आधीच्या माणसाच्या हाताची सवय लागली असेल.

“चार वर्षं मी गाडीत बसले,” मावशी म्हणाली. “आता ही बसंल. चला.”

रायफल घरी आली आणि कपाटात गेली. ऑगस्टमध्ये हवा दमट होती. सप्टेंबरमध्ये वारा होता. ऑक्टोबरमध्ये काकांना योग्य काडतुसं मिळत नव्हती, हे टेक्सासात, जिथं किराणामालाच्या दुकानातही काडतुसं मिळतात. आता पेट्रोल भरतानाही ते मूठ तपासायचे विसरू लागले होते, आणि ते मला त्यांच्या सगळ्या विक्षिप्तपणापेक्षा वाईट वाटलं. मला गप्प बसणं जमत नाही. एके दिवशी चहा पिताना मी म्हटलं, काका, तुम्ही घाबरलात. काकांनी कप विसळून पालथा घातला. दोन दिवस कपाट बंदच राहिलं. तिसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी उठले, कपाट उघडलं आणि मावशीला म्हणाले, “दशम्या बांध.”

नेमबाजीचं मैदान गावाबाहेर, गवत वाळलेलं, लाकडी बाकं मांडलेली. आजूबाजूला मोठमोठ्या बंदुका घेऊन आलेले लोक, त्यांचा आवाज असा की दशमी घशात अडकावी. त्यात बावीसचा आवाज म्हणजे कुणीतरी जीभ टाळ्याला लावून चुकचुकल्यासारखा. दुकानाचा मालकही आला होता, काकांनीच बोलावलं होतं, आणि येताना सात वाटीवाली रायफल उसनी आणायला सांगितली होती. आधी खराब चाप, मग चांगला. तेच बोट, तीच सकाळ, तीच काडतुसं. इंजिनिअर माणूस, प्रयोग अर्धा करणार नाही.

सात वाटीवालीनं दहा गोळ्या झाडल्या. मालकानं दुर्बिणीतून बघितलं आणि सांगितलं, खाली, उजवीकडं. काकांनी मान डोलावली. जुन्या ओळखीच्या माणसानं रस्त्यात हात केला तर आपण डोलावतो तशी. मग त्यांनी मावशीनं निवडलेली उचलली, गाल लाकडाला टेकवला आणि थांबले. मावशीनं माझं मनगट धरलं होतं. ती नाडी बघत होती की आधार घेत होती कोण जाणे. पहिली गोळी सुटली. मग बऱ्याच वेळानं दुसरी. दहावी सुटली तेव्हा मालकानं दुर्बिणीला डोळा लावला आणि तो काढलाच नाही. स्वतः चालत जाऊन त्यानं कागद आणला. दहा गोळ्यांचं मिळून एकच भोक होतं, कडा फाटलेलं, क्वार्टरच्या, म्हणजे पाव डॉलरच्या, नाण्याखाली झाकलं गेलं असतं. मालकानं तंबाखू थुंकली, टोपी काढली आणि कागद काकांपुढं ठेवताना पहिल्यांदाच ‘डॉक’ न म्हणता ‘सर’ म्हणाला.

मी नाचायच्या बेतात होते. काका बाकावरून उठले नाहीत. ते कागदाकडं बघत राहिले.

“बोट चांगलं होतं,” ते म्हणाले.

मी म्हटलं की मी हेच तर तीन वर्षं सांगतेय. त्यांनी ऐकलं नाही. मग त्यांनी सगळ्या जन्मात कधी विचारला नव्हता तो प्रश्न विचारला, आणि तो मला नव्हता, कागदाला होता.

“मग रायफल बदलली कशाला?”

उत्तर त्यांना ठाऊक होतं. ते त्यांनी व्हॉल्व्हची गळती समजावून सांगावी तशा सपाट आवाजात सांगितलं. निवडीच्या आदल्या संध्याकाळी सरावाला त्या दुसऱ्या मुलालाही चिरेवालीच मिळाली होती, काकांच्या लगेच नंतर. नेम धरायचा तर दस्त्याच्या लाकडाला गाल टेकवावा लागतो. त्या मुलानं गाल टेकवायच्या आधी खिशातून रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्यानं भिजवला आणि लाकूड पुसलं. मग परत पुसलं. मग हवालदाराकडं बघितलं. हवालदार काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नावं वाचून रायफली वाटताना काकांचं आडनाव आलं, तेव्हा तो म्हणाला, “तुझी आता वेगळी.”

“चांगल्या चापासाठी नाही घेतली त्यानं ती,” काका म्हणाले. “त्या पोराला चापातलं काही कळतही नव्हतं.”

मोठ्या बंदुका वाजत होत्या. मावशीच्या लग्नाला वीस वर्षं झालेली, तिनंही हे पहिल्यांदा ऐकलं. मग ती उठली. म्हणाली, “सरका.” काका सरकले. ती बाकावर बसली, रायफल घेतली आणि जिथं काकांचा गाल होता तिथं, त्यांच्या घामानं ओलसर झालेल्या लाकडावर, स्वतःचा गाल टेकवला. चाप ओढला. गोळी कागदाच्या खाली मातीत गेली आणि धूळ उडाली.

“चाप चांगलाय,” मावशी म्हणाली. “मीच बेकार.”

काका हसले. आवाज न करता, खांदे हलवत, बराच वेळ, आणि शेवटी चष्मा काढून पुसावा लागला इतके. मग तिघांनी मिळून दशम्या खाल्ल्या, मालकानंही एक खाल्ली, आणि त्या वाळक्या गवतावर बसून काका मला एक गोष्ट शिकवत होते, श्वास अर्धा कसा सोडायचा ते. मला ते अजून जमत नाही.

हे मी छापतेय ते काकांच्या परवानगीनं. त्यांनी एकच अट घातली, की त्या मुलाचं नाव घालू नकोस, तोही तेव्हा एकोणीस वर्षांचाच होता. नाव मी घातलेलं नाही. पण हे मासिक इथल्या शेकडो मराठी घरांत जातं, आणि त्यातल्या एखाद्या घरात, तुमच्या इथल्या नाही तर तिकडच्या, दिवाणखान्याच्या भिंतीवर कुणा वडिलांचा किंवा काकांचा दिल्लीच्या शिबिरातला फोटो लावलेला असेल, छाती पुढं, रायफल खांद्याला. त्यांना विचारा, ती रायफल त्यांच्या आधी कुणाच्या हातात होती. ती त्याच्या हातातून का काढली, आणि त्याच्या हातात पुढं काय दिलं. भारतात फोन करणं महाग पडतं हे मला ऐकवू नका, लग्नाच्या याद्या सांगायला तुम्ही तासतास बोलता. ते विषय बदलतील, लाकडाबद्दल बोलतील, थंडीबद्दल बोलतील. बोलू द्या. मग परत विचारा. या रविवारी विचारा, ते हयात आहेत तोवर विचारा.